कॉफीचे दाणे बाहेरून काळे, आतून कच्चे: घरी भाजताना हे पुन्हा पुन्हा का होतं

दाणे दिसायला छान गडद तपकिरी झालेले असतात, घरभर वास दरवळत असतो. पण कप तोंडाला लावला की पहिल्या घोटाला करपट चव लागते आणि तिच्या मागोमाग ओल्या गवतासारखी, जिभेच्या कडा आवळून घेणारी आंबट चव. जास्त भाजल्याची आणि कमी भाजल्याची लक्षणं एकाच कपात. पुढच्या खेपेला दोन मिनिटं जास्त भाजावं तर करपटपणा वाढतो, दोन मिनिटं आधी उतरवावं तर कच्चटपणा. आच अगदी मंद करून पाहिली तर दोन्ही जातात, पण सोबत चवही जाते आणि कागद भिजवून ठेवल्यासारखं सपक पाणी उरतं.

या फेऱ्यात मी जवळजवळ तीन महिने अडकले होते. आता नव्यानं हिरवे दाणे भाजू लागलेली मंडळी मला जे विचारतात, त्यातल्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी हीच अडचण निघते. सांगताना फक्त शब्द बदलतात. कुणी म्हणतं कडू लागते, कुणी म्हणतं आंबट लागते, कुणी म्हणतं दळताना गिरणी अडते. उपाय आहे, पण तो शेवटच्या दोन मिनिटांत सापडत नाही. चूक पहिल्या पाच मिनिटांतच होऊन गेलेली असते. रंग शेवटी झपाट्यानं बदलतो म्हणून आपण सगळे शेवटाशीच झगडत बसतो.

आधी दाणा कापून बघा

आच, वेळ, कढई यातलं काहीही बदलायच्या आधी एवढं करा. पूर्ण गार झालेला एक दाणा चिरेची बाजू वर करून पाटावर ठेवा. धारदार सुरीचं टोक चिरेत टेकवा आणि वरून सरळ दाब द्या. नीट भाजलेला दाणा कट्कन तुटतो, त्याचे दोन-चार तुकडे उडतात आणि आतला रंग बाहेरच्यासारखाच किंवा त्याहून किंचित उजळ दिसतो. बिघडलेला दाणा सुरीला आधी विरोध करतो, मग चामट लाकडासारखा चिरला जातो. आत पाहिलं तर कडेनं गडद तपकिरी पट्टी, तिच्या आत फिकट तपकिरी आणि मधोमध वाळल्या गवताचा पिवळट रंग. मी पहिल्यांदा असा दाणा कापला तेव्हा तीन महिन्यांचं कोडं त्या एका छेदात समोर दिसलं. बाहेरची साल पुढे निघून गेली होती आणि गाभा मागेच राहिला होता.

एका दाण्यावर निकाल देऊ नका, निदान पाच-सहा कापा. सुरी नको वाटली तर दाणा दाढेखाली धरून चावा. भाजलेला असेल तर कुरकुरीत फुटतो, नसेल तर दात दुखतील इतका घट्ट लागतो. हातगिरणी वापरणाऱ्यांना हे आधीच कळतं, कारण कच्च्या गाभ्याचे दाणे दळताना मूठ जागोजागी अडते.

दुसरी खूण म्हणजे पुडीचा रंग. पांढऱ्या कागदावर थोडे अख्खे दाणे आणि शेजारी त्याच घाण्याची बारीक पूड ठेवा. पूड दाण्यापेक्षा बरीच फिकी दिसत असेल तर बाहेर आणि आत यांच्यात अंतर पडलेलं आहे. व्यावसायिक रोस्टर अ‍ॅगट्रॉनसारख्या यंत्रावर अख्ख्या दाण्याचा आणि पुडीचा रंग वेगवेगळा मोजतात, ते याचसाठी. घरी डोळे पुरतात.

वजन करायची सवय मात्र लावाच. भाजण्याआधी आणि फोलपटं पाखडून झाल्यावर. हिरव्या दाण्यात साधारण १० ते १२ टक्के पाणी असतं. भाजताना ते जातं आणि त्याबरोबर थोडा सुका अंशही वायू होऊन उडतो. १५० ग्रॅमचे १३३ झाले तर घट ११ टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे हलकी भाजलेली कॉफी. १२८ झाले तर जवळपास १५ टक्के, म्हणजे मध्यम. १२२ वर आले तर १८ टक्क्यांच्या पुढे, म्हणजे गडद. आता या आकड्याची रंगाशी गाठ घाला. दाणे १८ टक्के घटीइतके काळे दिसतात आणि काटा १३ टक्केच दाखवतो, असं झालं तर नुसती साल भाजली गेली आहे. रंग आणि वजन यांची साक्ष जुळत नाही तेव्हा मी वजनावर विश्वास ठेवते.

गाभा मागे का राहतो

कढईत दाण्याला उष्णता मुख्यतः तापलेल्या धातूच्या स्पर्शातून मिळते. वरची हवा त्या मानानं थंडच असते. हिरवा दाणा घट्ट आणि ओलसर असतो, त्यातून उष्णता सावकाश आत शिरते. शिवाय जोवर आत पाणी आहे तोवर आलेल्या उष्णतेचा मोठा भाग त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. त्यामुळे कढई फार तापलेली असली की साल १५०-१६० अंशांच्या पुढे जाऊन तपकिरी होऊ लागते, तेव्हा गाभा अजून वाळायचाही असतो. हे अंतर पुढे आपोआप भरून निघत नाही. पहिला क्रॅक, म्हणजे दाणे पहिल्यांदा आवाज करत फुटणं, येतो तो बाहेरच्या भागाच्या जोरावर, आपण तो ऐकून नेहमीच्या हिशेबानं दाणे उतरवतो, आणि गाभा तसाच राहतो.

भर म्हणून दाण्याचा आकार. एक बाजू सपाट, एक फुगीर. नुसतं ढवळत राहिलं की दाणे सपाट बाजूवर बसतात आणि त्याच बाजूवर घसरत राहतात. सपाट बाजूवर गोल काळपट डाग दिसले तर कारण हेच. पीबेरी, म्हणजे फळात एकच गोल बी धरलेला दाणा, कढईत घरंगळतो आणि म्हणून एकसारखा भाजला जातो. ज्यांना कढईतच शिकायचं आहे त्यांनी पहिले काही घाणे पीबेरीचे घ्यावेत, असं माझं मत आहे. चुका कमी होतील असं नाही, पण झालेली चूक ढवळण्याची नसून आचेची आहे हे तरी नक्की कळेल.

दाण्याची टोकं काळी पडली असतील तर तो वेगळा डाग. टोकाशी अंकुर असतो, तो भाग नाजूक, आणि उष्णता एकदम चढली की आधी तोच जळतो. दाण्याच्या पाठीवरून गोल टिकलीसारखी चकती उडून खळगा पडला असेल तर शेवटच्या टप्प्यात आच फार होती.

कानालाही हा बिघाड कळतो. चांगल्या घाण्यात पहिला क्रॅक पॉपकॉर्नसारखा ठसठशीत वाजतो, मग शांतता पसरते, आणि आपण थांबलो नाही तर दुसरा क्रॅक वाळक्या पाचोळ्यावर पाय पडल्यासारखा बारीक, भराभर वाजू लागतो. पहिल्याचे टपटप आवाज चालू असतानाच त्यात पाचोळ्याचा आवाज मिसळला, तर समजायचं की एकाच कढईत दोन वेगवेगळ्या वयाचे दाणे आहेत. दाण्याच्या तापमानात बोलायचं तर पहिला क्रॅक साधारण १९६ अंशांच्या आसपास येतो आणि दुसरा २२५ च्या आसपास. पण थर्मामीटर कुठे खुपसला आहे त्यावर वाचन बरंच बदलतं, म्हणून दुसऱ्याचे आकडे आपल्या कढईला लावू नयेत.

दुरुस्ती

कढई जाड बुडाची हवी. पातळ पत्र्याचं भांडं जागोजागी वेगळं तापतं, तिथे कितीही निगुतीनं भाजा, डाग पडणारच. नॉनस्टिक तर नकोच. साधारण २६० अंशांच्या वर त्याचा लेप विघटित होऊन घातक वायू सोडतो आणि रिकामी कढई तापवताना ते तापमान सहज गाठलं जातं.

जाड लोखंडी कढई मध्यम आचेवर पाच मिनिटं तापू द्या आणि पाण्याचा एक थेंब टाका. थेंब पसरून चर्रकन उडून गेला तर दाणे घालायची वेळ झाली. थेंब पाऱ्याच्या गोळीसारखा होऊन इकडेतिकडे धावू लागला तर तळ साधारण २०० अंशांच्या वर गेलेला आहे आणि थेंब स्वतःच्याच वाफेवर तरंगतो आहे. अशा कढईत हिरवे दाणे टाकले की पहिल्या अर्ध्या मिनिटातच सपाट बाजूला चटका बसतो. गॅस बंद करा, दीड-दोन मिनिटं थांबा, पुन्हा थेंब टाका. माझ्या करपट घाण्यांचं निम्मं कारण इथे होतं. कढई धुरायला लागेपर्यंत तापवायची आणि दाणे पडल्यावर ती आपोआप थंड होईल असं मानायचं. जाड लोखंड इतक्या लवकर थंड होत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर काळ्या लोखंडावर तो बऱ्यापैकी खरं सांगतो, चकचकीत स्टीलवर मात्र फसवतो आणि खऱ्यापेक्षा कमी दाखवतो.

दाणे किती घालायचे? तळ झाकला जाईल आणि वर सैलसा आणखी एक थर होईल इतकेच. माझ्या कढईत ते १५० ग्रॅम होतात. त्याहून जास्त घातले की खालचे भाजत असतात आणि वरचे वाट बघत बसतात. आणि फार कमी घातले, समजा ५० ग्रॅम, तर प्रत्येक दाणा सतत धातूला चिकटलेला राहतो, तेही वाईटच. मी ढिगाचा त्रास बराच उशिरा ओळखला, कारण एकदम पाव किलो भाजून मोकळं व्हावं ही घाई मलाही होती. आता दोन घाणे करते.

ढवळताना उलथनं गोल गोल फिरवू नका. तळाशी सारून, दाणे उचलून, उलटे वर टाका. कडेचे मध्ये आणि मधले कडेला. पहिली पाच मिनिटं हात क्षणभरही थांबता कामा नये. फोनवरचा निरोप बघायला वीस सेकंद पुरतात आणि चटका बसायलाही तेवढीच पुरतात.

मग घड्याळ. १५० ग्रॅमच्या घाण्यात माझा अंदाज असा: दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला ओल्या गवताचा वास, पाचव्याच्या आसपास हिरवेपणा संपून सगळे दाणे पिवळे, सातव्याला भाजत्या पावासारखा वास आणि फिकट तपकिरी रंग, साडेनवाला पहिला क्रॅक, पावणेबाराला कढई खाली. म्हणजे क्रॅक सुरू झाल्यावर सव्वादोन मिनिटं, एकूण वेळाच्या साधारण १९ टक्के. यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा पिवळेपणाचा. तो तीन मिनिटांच्या आत आला तर पुढे काहीही करा, गाभा मागे राहणार. त्या घाण्याची आच ताबडतोब कमी करा आणि पुढच्या घाण्याला कढई कमी तापवा. सात मिनिटं उलटूनही हिरवी छटा दिसत असेल तर आच फारच कमी आहे. पिवळे होताना दाणे एकसारखे दिसले पाहिजेत. काही पिवळे, काही हिरवे, एखाददुसरा तपकिरी अशी खिचडी दिसली तर ढवळणं किंवा ढीग यात चूक आहे, आचेत नाही.

आच कमी करायची असते, पण योग्य वेळी. इथेच करपटपणाला घाबरलेले लोक, आणि त्यात मीही होते, दुसऱ्या खड्ड्यात पडतात. पहिला क्रॅक ऐकू आला की दचकून आच एकदम मंद करायची. दाण्यातून त्या वेळी जोरात वाफ बाहेर पडत असते, ती स्वतःच दाण्याला थोडं थंड करते, त्यात आपण खालची उष्णताही काढून घेतली की भाजणं जागच्या जागी थांबतं. क्रॅकचे आवाज अर्ध्यात विरतात. दाणे रंगाला छान दिसतात, छेदही एकसारखा दिसतो, पण गोडवा आणि फळासारखी झाक निघून जाते आणि कॉफी शिळ्या पावासारखी लागते. याला बेक झालेली कॉफी म्हणतात. वर सांगितलेलं सपक पाणी ते हेच. हा दोष सुरीला दिसत नाही, फक्त जिभेला आणि घड्याळाला कळतो.

म्हणून आच कमी करायची ती क्रॅकच्या अर्धा-पाऊण मिनिट आधी, आणि थोडीच. ती वेळ कशी ओळखायची? दाणे तोवर आक्रसलेले, सुरकुतलेले, सुरकुत्यांत काळसर रेघा असलेले दिसतात. वास पावासारख्या गोडपणातून एकदम तिखट, नाकात चढणारा होतो. एखादा दाणा एकटाच फुटतो. तो एकटा आवाज म्हणजे क्रॅक सुरू झाला असं नाही. दाणे सलग फुटू लागले की घड्याळाची नोंद घ्या. क्रॅक होऊन गेला की दाणे फुगतात आणि सुरकुत्या पसरून पाठ गुळगुळीत होते.

खाली उतरवल्यावर दाणे स्वतःच्या उष्णतेनं भाजत राहतात. धातूच्या दोन मोठ्या चाळण्यांमध्ये आलटून पालटून ओता, शक्य तर पंख्यासमोर, आणि चार मिनिटांच्या आत हाताला गार लागले पाहिजेत. फोलपटंही याच वेळी उडून जातात.

फिके राहिलेले मोजके दाणे: इथे काही दुरुस्त करायचं नसतं

एक गोष्ट मी ठासून सांगते, कारण तिच्यापायी चांगले घाणे वाया जातात. सगळे दाणे नीट तपकिरी झाले आहेत आणि त्यात दहा-पंधरा दाणे वाळूच्या रंगाचे राहिले आहेत, असं दिसलं की मन म्हणतं, अजून थोडं भाजू म्हणजे तेही होतील. होत नाहीत. हे दाणे कच्च्या फळांतले असतात, त्यांत साखर पुरेशी तयारच झालेली नसते, म्हणून ते तपकिरी होत नाहीत. त्यांना क्वेकर म्हणतात. फळासकट वाळवलेल्या, म्हणजे नॅचरल पद्धतीच्या कॉफीत ते जास्त सापडतात. त्यांच्यासाठी थांबलात तर बाकीचे सगळे जळतील. वेळेवर उतरवा, गार करा, ताटात पसरून हातानं निवडून टाका. एकदा मुद्दाम फक्त हे दाणे दळून कॉफी करून बघा. कागद आणि कोरडे शेंगदाणे यांच्या मधली ती चव एकदा ओळखीची झाली की पुढे नेहमीच्या कपातही तिचा माग लागतो.

डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेल्या, दाण्यांना रंगाचा नियम लावू नका. ते भाजायच्या आधीच तपकिरी असतात, क्रॅकही पुष्कळदा दबका येतो. तिथे वास, घड्याळ आणि वजन. फार दिवस उघडे राहून वाळलेले, पांढुरके पडलेले हिरवे दाणेही लवकर तापतात. त्यांना सुरुवातीची आच जरा कमीच द्या. आणि दोन वेगळ्या पिशव्यांतले दाणे मिसळून भाजू नका. आधी भाजा, मग मिसळा.

पॉपकॉर्नच्या गरम हवेच्या यंत्रात भाजणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. तिथे डाग सपाट बाजूला न पडता टोकांना पडतात, कारण गरम हवा सगळीकडून एकदम लागते. पहिला क्रॅक चार ते सहा मिनिटांत येणं तिथे साहजिक आहे, त्याच्याही आत येत असेल तर दाणे कमी करा. हे उलटं वाटेल, पण यंत्रात दाणे जास्त झाले की ते हवा अडवून धरतात, नीट उसळत नाहीत आणि जास्त तापतात. एके दिवशी छान आणि दुसऱ्या दिवशी रखडलेलं भाजलं जात असेल तर वीजपुरवठा बघा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे दाब १० टक्क्यांनी उतरला की उष्णता १९ टक्क्यांनी कमी. लांब, बारीक वायरीचं एक्स्टेन्शन हे त्याचं नेहमीचं कारण. यंत्र थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा.

फोलपटं अगदी सहज पेटतात, म्हणून भाजताना जागा सोडू नका आणि खिडकी उघडी ठेवा. कढईत जाळ दिसला तर आच बंद करून झाकण घाला. यंत्र असेल तर आधी प्लग काढा, आणि त्यावर पाणी ओतू नका.

आता चव घेण्याबद्दल, कारण निदान इथेही चुकतं. ताज्या भाजलेल्या दाण्यांतून कार्बन डायऑक्साइड सुटत असतो. त्याच दिवशी कॉफी केली तर पुडीवर फेसाचा डोंगर येतो, पाणी पुडीत नीट शिरत नाही आणि चव पातळ, टोचणारी लागते. ती चव कच्च्या गाभ्याच्या आंबटपणासारखीच भासते आणि आपण नसलेला दोष सुधारायला निघतो. दाणा कापून त्याच दिवशी बघा, चव तिसऱ्या दिवशी घ्या. छेद एकसारखा असेल आणि तिसऱ्या दिवशीही आंबट लागत असेल, तर क्रॅकनंतरचा वेळ अर्ध्या मिनिटानं वाढवा, बाकी सगळं तसंच ठेवा. छेदात पिवळा गाभा दिसत असेल तर शेवटाला हात लावू नका; पुढच्या घाण्याला पाण्याचा थेंब चर्रकन उडेपर्यंतच कढई तापवा आणि दाणे वीस-तीस ग्रॅम कमी घ्या.